उरलेले पीक आणि निवडलेले पीक

डिचोली तालुक्यातल्या आमोण्यात साठ वर्षांपूर्वी एखाद्या कुळाला ‘तुझे पीक कोणते?’ असे कोणी विचारले असते, तर तो बिचारा गोंधळून गेला असता. कोणत्या जमिनीवरचे? कोणत्या महिन्यातले? खाण्याचे की विकण्याचे? आज हाच प्रश्न डिचोलीत किंवा पेडण्यात कोणालाही विचारा, उत्तर एका शब्दात मिळते : काजू. अनेक पिकांची शेती एका पिकावर कशी आली, याचा माग काढावा असे पुष्कळ दिवस मनात होते. शेतीतज्ज्ञ अलीकडे लहान शेतकऱ्याला सांगत असतात की, दहा गोष्टींत जीव अडकवू नका, जे मुख्य पीक आहे तेवढेच धरा आणि चांगले करा. सल्ला वाईट नाही. पण मुख्य पीक ठरवतो कोण? आमच्या भागापुरते या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधता येते, आणि ते सीमेच्या अलीकडे एक तर पलीकडे दुसरेच आहे.

आमोणे मांडवीच्या उजव्या काठावर आहे. समोर फोंडा तालुक्यातले खांडोळे. बाहेरच्या लोकांना हे गाव वेताळामुळे ठाऊक असते. अलीकडच्या पिढीला ते नदीकाठच्या लोखंडाच्या कारखान्यामुळे ठाऊक आहे. आम्हाला मात्र ते ठाऊक होते ते जमिनीच्या पायऱ्यांनी. सर्वांत खाली खाजन, त्याच्या वर गोड्या पाण्याचे खेर आणि मोरड, मग घराभोवतीचे भाट, पाण्याची सोय असेल तिथे कुळागर, आणि सर्वांत वर डोंगर. एका कुटुंबाचा या प्रत्येक पायरीवर कुठे ना कुठे पाय असे. बहुतेकांची जमीन कुळाचीच. पण कसायची म्हटली की ती सगळ्या पायऱ्यांवरून कसायची.

यातले खाजन ही फार हुशारीची गोष्ट आहे. मांडवीला भरती येते आणि पावसाळा सरला की खारे पाणी नदीतून पार आतपर्यंत चढते. ते शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांबलचक बांध, आणि त्या बांधात मानस. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने आपोआप उघडतात. पावसाने जमिनीतले मीठ धुतले गेले की त्यात कोरगूट पेरायचे. हे तांबड्या तांदळाचे भात थोडेसे खारेपण सोसते, त्याला खत लागत नाही, आणि त्याची पेज दुपारपर्यंत पोट धरून ठेवते. कापणी झाली की त्याच जागी मासळी. भाताचा हिशेब खंडी-कुडवाने आणि मासळीचा पावणीने, म्हणजे लिलावाने. वरच्या मोरडावर सरदाचे भात, पाणी असेल तिथे वायंगण. भाटात नारळ, कुळागरात सुपारी, तिच्या सावलीत केळी, मिरी, अननस. डोंगरावर कुमेरी : झाडोरा तोडून जाळायचा, राखेत नाचणी, वरी, कुळीथ टाकायचे, दोनतीन वर्षांनी जागा बदलायची.

आणि काजू? काजू होता, पण पिकांच्या यादीत नव्हता. तो होता कुमेरीच्या कडेला, वईवर, खडकाळ उतारावर, जिथे दुसरे काही येत नाही तिथे. त्याला कोणी लावला नाही, कोणी पाणी घातले नाही. माझ्या लहानपणी घरातली बायकामाणसे ‘शेताक वतां’ म्हणत ती भातासाठी. काजूसाठी म्हणत ‘काजी पुंजावपाक वतां’. पुंजावणे म्हणजे वेचणे. पीक पिकवतात, काजू वेचतात. भाषेनेच हा फरक करून ठेवलेला होता.

हे झाड मूळचे ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्याचे. तिथल्या तुपी लोकांच्या शब्दावरून पोर्तुगीजांनी ‘काजू’ केले आणि आपण ते जसेच्या तसे घेतले. गोव्यात ते केव्हा उतरले? गार्सिया द ऑर्ता या वैद्याने हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला मोठा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात आंबा आहे, फणस आहे, नारळ आहे, काजू नाही. पंधरा वर्षांनी, १५७८ मध्ये, क्रिस्तोव्हाव द कोश्ता याने कोचीनच्या बागांत पाहिलेल्या काजूचे वर्णन छापले. म्हणजे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते आपल्या किनाऱ्यावर रुजत होते, एवढे धरून चालावे. पोर्तुगीजांनी जमिनीची धूप थांबवण्यासाठी ते मुद्दाम लावले, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. मला ती मागाहून सुचलेली शहाणी कल्पना वाटते. फळे खाणाऱ्या वटवाघळांना आणि माकडांना श्रेय दिले तर ते अधिक न्यायाचे होईल.

आमच्या डिचोलीपुरते आणखी एक लक्षात घ्यावे लागते. हा मुलूख सतराव्या शतकात पोर्तुगीजांचा नव्हताच. तो सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ च्या तहाने कायमचे पोर्तुगीजांकडे गेले. तरी झाडाला तह कळत नाही. ज्या डोंगराची एक बाजू आज डिचोलीत आहे आणि दुसरी दोडामार्गात, त्याच्या दोन्ही उतारांवर काजू सारखाच पसरला होता.

पुढची तीन शतके या झाडाचे मोल होते ते बोंडूत. बी चुलीत भाजून पोरे खात, ओले गर सणासुदीच्या भाजीत पडत, बाकी तिला बाजार नव्हता. बोंडू मात्र भाटीवर जाई. पहाटे वेचलेले बोंडू दिवस मावळायच्या आत तुडवावे लागतात, उशीर झाला की आंबून वाया जातात. खडकात कोरलेल्या कोळंबीत ते पायांनी तुडवायचे, रस आंबवायला ठेवायचा. उरलेल्या चोथ्याचा ढीग रानवेलीने आवळून त्यावर धोंडा ठेवायचा. त्यातून थेंब थेंब पाझरतो तो निरो. आंबलेला रस भाणात उकळला की पहिल्या धारेचा हुर्राक, आणि हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळला की फेणी. हे सगळे दोन-अडीच महिन्यांचे काम, फाल्गुन-चैत्र-वैशाखातले, म्हणजे नेमके भातशेती रिकामी असतानाचे. काजूची आणि भाताची गाठ कधी पडतच नसे. मुख्य पीक आणि जोडपीक असा झगडा तेव्हा नव्हता, त्याचे कारण हे पंचांग होते.

सरकारचे लक्ष मात्र लवकर गेले. १८७८ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात जो करार झाला आणि १८९२ पर्यंत चालला, त्यात गोव्याच्या मिठागरांवर इंग्रजांचा ताबा आला आणि दारूवर ब्रिटिश हिंदुस्थानच्या धर्तीची अबकारी आली. मिठाचे काय झाले ही वेगळी करुण कथा आहे. पण भाटीवर कर बसला, त्याबरोबर बोंडू हा हिशेबाचा माल झाला. ज्या वस्तूवर सरकार कर बसवते ती वस्तू पीक मानली जाऊ लागते, असे इतिहासात पुष्कळदा दिसते.

बी विकली जाऊ लागली ती विसाव्या शतकात. १९२० नंतर केरळात कोल्लमला काजूगर काढण्याचे कारखाने उभे राहिले, अमेरिकेत गर जाऊ लागला, आणि हां हां म्हणता कारखान्यांना देशातली बी पुरेना. ती आफ्रिकेतून, मुख्यतः मोझांबिकमधून येऊ लागली. मोझांबिकही पोर्तुगीजांचेच. त्याच लोकांनी तिकडे नेलेले तेच झाड. आमच्या डोंगरावरच्या बीला पुढे जो स्पर्धक भेटला तो असा सख्खा चुलतभाऊ निघाला.

तरीही १९५० पर्यंत आमोण्याची शेती अनेकपिकीच होती. ती सुटत गेली ती त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत, आणि हा सगळा बदल काजूच्या गुणामुळे झाला असे मला कुठेच आढळले नाही. पहिला धक्का खाणीने दिला. महायुद्धानंतर डिचोली-सत्तरीचे लोहखनिज जपानला जाऊ लागले, मांडवीत बार्जी फिरू लागल्या. खाणीवरचा मजूर आठवड्याला रोकड घरी आणू लागला. नाचणीच्या कुमेरीत राबणाऱ्या माणसाला हे गणित कोणी शिकवावे लागले नाही. दुसरा धक्का धान्याचा. गोवा स्वतःपुरता तांदूळ फार पूर्वीपासून पिकवत नव्हताच, बाहेरून आणत होता. १९६१ ला मुक्ती आली, रेशनची दुकाने आली, स्वस्त पांढरा तांदूळ आला. कुमेरीवर वनखात्याची बंधने आली. मोकळ्या झालेल्या त्या उतारांवर काय उगवले? काजू. कोणी लावले तिथे लावलेले, बहुतेक ठिकाणी आपसूक.

कुळकायद्याची गोष्ट नाजूक आहे, कारण तो आमच्या लोकांच्या स्वाभिमानाचा कायदा आहे. १९६४ च्या कायद्याने खंड उत्पन्नाच्या एक षष्ठांशावर आणला, आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले. पिढ्यानपिढ्या भाटकारापुढे वाकलेल्या पाठी त्या दिवशी ताठ झाल्या. याचे मोल कमी करणारा मी नव्हे. पण खाजनाचा बांध हा कोणा एकाच्या जमिनीत नसतो. पूर्वी तो गावकरीच्या जबाबदारीवर, भाटकाराच्या धाकाने आणि सगळ्यांच्या श्रमाने राखला जाई. पुढे तो कुळांच्या संघटनांकडे आला आणि त्यांच्या हाती मानशीच्या मासळीची पावणीही आली. पावणीची रक्कम भातापेक्षा सोपी आणि रोख. मग काही गावांत दारे भरतीला मिटेनाशी झाली. बार्जींच्या लाटांनी बांध झिजतात, ही मांडवीकाठाची जुनी तक्रार त्यात भर घालतेच. खारे पाणी एकदा आत आले की ते सातबाऱ्याचे उतारे पाहून थांबत नाही. शेजाऱ्याने पीक सोडले की आपल्यालाही सोडावे लागते.

अशा रीतीने खालच्या पायऱ्या एकेक करून रिकाम्या झाल्या आणि डोंगर उरला. गोव्यात आज पंचावन्न हजार हेक्टरांच्या वर काजू आहे, म्हणजे भाताहून आणि नारळाहूनही जास्त. पण हेक्टरी उत्पन्न पाहावे तर अर्ध्या टनाच्या आसपास घुटमळणारे. एवढ्या क्षेत्राचे पीक आणि त्याची ही अवस्था का? माझे उत्तर असे की ते निवडलेले पीक नाही, उरलेले पीक आहे. पुष्कळशा डोंगरांवरचे काजू सरकारचे किंवा कोमुनिदादीचे, आणि त्यांची दर वर्षी पावणी होते. घेणारा एका हंगामाचा धनी. तो झाडाला खत कशाला घालील, छाटणी कशाला करील? पुढच्या वर्षी ते झाड दुसऱ्याचे. ज्यांची स्वतःची झाडे आहेत त्यांनीही बियांपासून आलेली जुनी झाडेच राखली, कारण भाटीवाल्याला रसाळ बोंडू हवे होते, बी लहान असली तरी चालत होते. वर्षाचे दहा महिने झाडाकडे पाहायचे नाही आणि दोन महिने त्याच्यावर घर चालवायचे. मुख्य पीक म्हणून नाव त्याचे, वागणूक मात्र वईवरच्या झाडाची.

आता सीमा ओलांडू. तेच डोंगर, तीच तांबडी जमीन, सावंतवाडी-वेंगुर्ला-दोडामार्गाकडे. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये मुंबई इलाख्यात विलीन झाले आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा तिथे लागू झाला. सीमेच्या अलीकडे फेणी हा राजमान्य धंदा, पलीकडे गुन्हा. त्या काळात रात्री चोरवाटांनी काय काय इकडून तिकडे गेले याच्या कथा सीमेवरच्या प्रत्येक गावात आहेत, त्यांत मी पडत नाही. शेतीच्या दृष्टीने परिणाम असा की पलीकडचे बोंडू झाडाखाली कुजू लागले. थोडे इकडच्या भाट्यांवर आले, पण जो माल दिवसभरही टिकत नाही तो किती दूर येणार? तिथल्या शेतकऱ्याला काजूची एक बाजूच उरली, बीची.

आणि ती बाजू त्यांनी निवडली. वेंगुर्ल्याचे फळसंशोधन केंद्र १९५७ चे. पुढे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे ते गेले आणि तिथल्या मंडळींनी बी मोठी कशी होईल, गर जास्त कसा निघेल, एवढाच ध्यास घेतला. १९८१ ला वेंगुर्ला-४ ही जात आली, १९९७ ला वेंगुर्ला-७. आमच्या डोंगरावरची बी चार-पाच ग्रॅमची, वेंगुर्ला-७ ची दहा ग्रॅमची. शंभर बियांत किलो भरतो. कोवळ्या फांदीवर कलम बांधण्याची रीत बसली, तिसऱ्या वर्षी झाड फळू लागले. त्यात १९९० साली महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग योजना आणली : खड्ड्यापासून कलमापर्यंतचा खर्च सरकारचा. सिंधुदुर्गाचे ओसाड वरकस डोंगर दहा-पंधरा वर्षांत आंबा-काजूने झाकून गेले. नाचणी-वरी तिथलीही गेलीच, पण ती जागा मुद्दाम मोकळी करून, हिशेब मांडून गेली. महाराष्ट्रातले काजूचे हेक्टरी उत्पन्न टनाच्या वर आहे. झाड तेच, पाऊस तोच. फरक लक्ष देण्याचा.

आमच्या भागातल्या लोकांना हे बोललेले रुचत नाही. ‘त्यांच्याकडे बोंडू फुकट जातात, आमच्याकडे त्याची फेणी होते,’ असे ते म्हणतात. खरे आहे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०१६ मध्ये राज्याने तिला वारसापेयाचा मान दिला. एका झाडाची दोन उत्पन्ने घेणारा शेतकरी एकच घेणाऱ्याहून सुरक्षित असायला हवा. पण त्यासाठी दोन्हीकडे लक्ष हवे. वेंगुर्ल्याच्या नव्या जातींचे बोंडूही रसाळच आहेत. जुन्या झाडांच्या जागी ती कलमे लावली तर भाटीचे काही बिघडत नाही, हे सांगून सांगून कृषी खात्याची माणसे दमली असतील.

निवडीलाही धोका असतोच, तोही सांगितला पाहिजे. मोहराच्या वेळी अवकाळी पाऊस आला, धुके पडले, ढेकण्या पडला की कलमी बाग आणि रानटी झाड दोघेही सारखेच हात वर करतात. भावाचे तर काहीच आपल्या हाती नाही. आयव्हरी कोस्टसारख्या आफ्रिकी देशांतून बी जहाजांनी येते, गराच्या निर्यातीत व्हिएतनाम पुढे गेला. २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कच्च्या काजूवरचे आयातशुल्क पाच टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आले. कारखानदाराला ते हवे होते, बागायतदाराला नको होते. शुल्काच्या त्या अडीच टक्क्यांवर दोडामार्गातल्या एखाद्या पोराचे कॉलेज अवलंबून असू शकते, हे दिल्लीला दिसावे तरी कसे?

आमोण्याची परीक्षा २०१२ मध्ये झाली. सप्टेंबर-ऑक्टोबरात आधी राज्य सरकारच्या आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या, सुरू होऊन २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. खाणीची रोकड, रेशनचा तांदूळ आणि डोंगरावरचा काजू अशा तीन पायांवर जी घरे उभी होती त्यांचा एक पाय गेला. लोक डोंगराकडे वळले तेव्हा झाडे चाळीस-पन्नास वर्षांची झालेली होती. २०२० मध्ये तर टाळेबंदी नेमकी मार्चअखेरीस, ऐन हंगामात आली. बोंडू पिकले आणि भाटीच्या मालाला गिऱ्हाईक नाही, बी वाळली आणि दुकान बंद. त्या चार आठवड्यांत ज्यांच्याकडे मोरडावरचा एखादा वायंगण, दारातली मिरची, कुळागरातली केळी शिल्लक होती ती घरे शांत होती. बाकीची नव्हती.

एकाच पिकावर येऊ नये, असे मी म्हणत नाही. मजूर मिळत नाहीत, मुले शहरात आहेत, पाचही पायऱ्यांवर आता कोण चढणार? पण काही गोष्टी सोडल्या तर पुन्हा धरता येतात आणि काही येत नाहीत. काजूची बाग दहा वर्षे टाकली तरी छाटून, खत घालून उभी करता येते. मोरडही पुन्हा नांगरता येतो. खाजनाचा बांध फुटून आत खाजणी झाडी माजली की ते शेत एका घराच्या बळावर परत येत नाही. आणि कोरगुटाचे बी आमच्या दमट हवेत फार तर दुसऱ्या पावसापर्यंत जीव धरते. ते कणगीत जपून ठेवता येत नाही, दर वर्षी पेरूनच जपावे लागते. आमच्या वाड्यावर दोन घरे अजून तेवढ्यासाठी कोरगूट घालतात. काजूच्या पैशांतून बांधाला माती टाकतात आणि जूनमध्ये दोन कुणग्यांत पेरतात. त्यातला तांदूळ विकायला म्हणून नसतोच. गेल्या वर्षी शेजारच्या गावातून एक जण बियाणे मागायला आला होता, त्याला त्यांनी दोन कुडव भात दिले.